दोन स्टारचा श्री

“विनंती केलेले पान सापडले नाही,” वाघमारे सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली. “कोष्टी मॅडम, हे काय म्हणायलंय? कुठलं पान? कुठं गेलं?”

“कुठं जाणार, सिस्टर? परत दाबा बघू.”

त्यांनी परत दाबलं. पान परत सापडलं नाही. मग मी त्यांना उठवून स्वतः खुर्चीत बसले आणि सात-आठ वेळा दाबलं, जसं काही माझ्या बोटाला पान घाबरणार होतं.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, डायलिसिस विभागाच्या खोलीत, दसऱ्याच्या सकाळी साडेअकराला मी ही दाबादाबी करत होते. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. डायलिसिसच्या पेशंटांनी आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, आणि वेळ मिळावी म्हणून नातेवाइकांनी पहाटेपासून रांग लावायची, हे बंद व्हावं म्हणून आमच्या सांगलीतल्या कंपनीनं एक वेब ॲप्लिकेशन बनवलं होतं. घरी बसून वेळ ठरवा. त्याची प्रमुख मी, वय सत्तावीस. दुपारी दोन वीसला, विजय मुहूर्तावर, ट्रस्टचे अध्यक्ष येऊन पहिल्या पेशंटची वेळ ठरवणार होते. ॲप्लिकेशनची एकूण दहा पानं. त्यातली नऊ व्यवस्थित उघडत होती. न उघडणारं दहावं पान म्हणजे नेमकं ‘वेळ ठरवा’.

“तरी मी म्हणत होते, रजिस्टर बरं,” सिस्टर म्हणाल्या. “रजिस्टरचं पान कधी हरवत नाही. फाटतंय फार तर.”

तेवढ्यात आमचे मालक, आरवाडे सर, नवा कोरा कुर्ता घालून आत आले. त्यांनी पडदा बघितला, मला बघितलं आणि सिस्टरांसमोर हसतच मला बाहेर व्हरांड्यात नेलं. बाहेर गेल्यावर हसणं संपलं.

“हे तुझ्या त्या अ‍ॅनोटेशनमुळंच ना?”

“सर, काल सकाळी मी स्वतः तपासलंय. दहाच्या दहा पानं उघडत होती.”

“काल उघडत होती त्याचं आज मी काय लोणचं घालू? हे बघ शुभांगी. दोन वीसला हे पान दिसलं, तर प्रकल्प कायमचा तुझा. नाही दिसलं, तर उद्यापासून मगदूमांकडं. सगळे पत्ते परत त्यांच्या एका फायलीत, आणि तू परत फॉर्म बनवायला.”

आता हे अ‍ॅनोटेशन म्हणजे काय ते सांगते, कारण माझं अख्खं भांडण त्यावरच होतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आपण पत्ता टाकतो. तो पत्ता आला की प्रोग्रामातलं कुठलं काम चालवायचं, हे कुठंतरी लिहून ठेवावं लागतं. आमच्या कंपनीतले सगळ्यांत जुने प्रोग्रामर मगदूम सर ते एका वेगळ्या फायलीत लिहायचे. कंपनीच्या सगळ्या कामांचे मिळून दोनशे बारा पत्ते, एकाखाली एक, पाढ्यांसारखे पाठ. पण त्या एका फायलीत आम्ही पाच जण एकाच वेळी हात घालायचो आणि एकमेकांच्या ओळी पुसायचो. नवं पान करायचं आणि फायलीत पत्ता लिहायला विसरायचं, हे तर रोजचंच. माझं म्हणणं होतं, ज्या कामाचा पत्ता, तो त्या कामाच्याच डोक्यावर लिहा. घराचा नंबर घराच्याच दारावर. आम्ही जे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामाचा तयार सांगाडा, वापरायचो त्यात हा पत्ता टिपणीत लिहायची सोय होती. एरवी प्रोग्रामातली टिपणी माणसांसाठी असते, यंत्र ती सोडून देतं. पण दोन स्टारांनी, म्हणजे चांदणीच्या दोन चिन्हांनी, सुरू झालेली टिपणी हे फ्रेमवर्क वाचायचं आणि त्यातला पत्ता पाळायचं. हेच ते अ‍ॅनोटेशन. एका स्टारची असली तर तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

जूनमध्ये आरवाडे सरांच्या केबिनमध्ये आमची यावरून चांगलीच जुंपली होती.

“टिपणी माणसासाठी असते,” मगदूम सर सावकाश म्हणाले होते. त्यांचं सगळंच सावकाश. “उद्या कुणी टिपणी म्हणून सहज काहीतरी लिहिलं, आणि यंत्रानं ते मनावर घेतलं तर?”

“असं कोण लिहिणार आहे, सर?”

“माणूस आहे. लिहितंय की.”

मी जिंकले. मगदूम सर पुढं एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं मला चार महिने टोचत राहिलं. मी माझ्या फायली करत असताना ते मागं येऊन उभे राहायचे, हात पाठीशी बांधून, दहा दहा मिनिटं. काय बघताय विचारलं तर “काही नाही, चालू दे.” मला वाटायचं, चूक शोधतायत. त्यांच्या त्या उभं राहण्यानं माझ्या डोक्याला नुसता ताप व्हायचा.

दुरुस्ती करायची तर प्रोग्राम माझ्या ऑफिसातल्या मशीनवर होता. मिरजेहून सांगलीला स्कूटीवर जायला एरवी पंचवीस मिनिटं लागतात. दसऱ्याला प्रत्येक चौकात झेंडूचे ढीग आणि ट्रॅक्टरांच्या पूजा, त्यामुळं पाऊण तास लागला. आमचं ऑफिस हळदीच्या गोदामावर होतं. जिना चढतानाच हळदीचा वास नाकात बसायचा. वर गेले तर मगदूम सर एकटेच खुर्ची टाकून बसलेले, सोवळं नव्हे पण धुतलेलं धोतर नेसून. आणि सगळ्या मशीन ओळीनं माळा घालून, हळदी-कुंकू लावून, समोर तांदूळ आणि सुपारी मांडून बसलेल्या. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात तशी आमच्याकडं कॉम्प्युटरची पूजा व्हायची. आदल्या दिवशी संध्याकाळी झाली होती. मी तेव्हा मिरजेत सिस्टरांना माउस धरायला शिकवत होते. पूजेनंतर नारळ फोडून आरवाडे सरांनी बटण दाबून प्रोग्राम रुग्णालयाच्या सर्व्हरवर चढवला होता. पहिलं पान उघडलेलं बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाकीची पानं उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी खुर्ची ओढली तसे मगदूम सर उठले.

“हां हां. हात लावू नको. पूजेत बसलंय ते. विजय मुहूर्तापर्यंत हत्यार उचलायचं नसतंय.”

“सर, दोन वीसला अध्यक्ष येणार आहेत.”

“मग दोन वीसनंतर बघ.”

“अहो, दोन वीसला पान दिसायला पाहिजे. नंतर बघून काय करू? आरत्या म्हणू?”

मी हे फार वरच्या पट्टीत बोलले. गोदामातला हमाल जिन्यात येऊन बघून गेला. मगदूम सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग ते माझ्या मशीनसमोर उभे राहिले. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, चार अक्षता वाहिल्या आणि सुपारी बोटभर उजवीकडं सरकवली.

“उत्तरपूजा झाली हिची. बस आता.”

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी फाईल उघडली. माझी टिपणी जागेवर होती, पत्ता जागेवर होता, खाली काम जागेवर होतं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी माझ्या मशीनवर पान उघडून बघितलं. सापडलं नाही. साठवलेली जुनी माहिती पुसली, सर्व्हर बंद करून चालू केला, पत्ता खोडून नव्यानं टाईप केला. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. मी ती फाईल वरून खाली वीसेक वेळा तरी वाचली असेल. मगदूम सर नेहमीसारखे पाठीमागं येऊन उभे.

“सर, प्लीज मागं उभं राहू नका.”

ते बाजूला सरकले. “मी जुन्या पद्धतीनं यादी करून देऊ का? एकच पान आहे. पंधरा मिनिटांत होतंय.”

“नको.”

“तसं नव्हे, नुसतं आजच्यापुरतं...”

“नको म्हटलं ना, सर.”

दीड वाजता आरवाडे सरांचा फोन आला. अध्यक्ष निघालेत म्हणाले. मी “होतंय” म्हणून ठेवून दिला. काही होत नव्हतं. शेवटी, आधीच करायला हवी होती ती गोष्ट केली. कुठल्या फायलीत कधी काय बदललं याची आमच्याकडं आपोआप नोंद राहायची, ती उघडली. सगळ्यांत वरची नोंद माझ्या नावावर होती. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. एक ओळ वाढवली.

काल सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातात सिस्टरांचा हात आणि सिस्टरांच्या हातात माउस होता.

नोंदीत ती ओळ हिरव्या रंगात दिसत होती. माझी पत्त्याची टिपणी आणि तिच्या खालचं काम, या दोन्हींच्या मधोमध दोन स्टारांची एक छोटी टिपणी बसली होती, आणि तिच्यात लिहिलं होतं, ‘॥ श्री ॥’.

वीस वेळा मी ते वाचलं होतं आणि वीस वेळा मला ते दिसलं नव्हतं. लहानपणापासून पत्रिकेवर, वहीवर, दुकानाच्या पाटीवर श्री बघायची डोळ्यांना इतकी सवय झालेली असते की श्रीच्या खालून वाचायला सुरुवात करतो आपण. यंत्राला ही सवय नव्हती. कामाला अगदी लागून असलेली दोन स्टारांची जी एक टिपणी असेल, तेवढीच ते वाचायचं. काल संध्याकाळपासून कामाला लागून श्री होता. यंत्रानं श्री वाचला, त्यात पत्ता मिळाला नाही, आणि ते पुढं गेलं. वरची माझी टिपणी नुसती शोभेला राहिली.

मी खुर्ची फिरवली. “सर, हा श्री तुम्ही लिहिला?”

“होय की,” मगदूम सर म्हणाले. “तुझ्या मशीनची पूजा केली तेव्हा. तू नव्हतीस. नव्या कामाला श्री नको?”

“मग फायलीच्या वर लिहायचा ना. सगळ्यांत वर.”

“वर तुझं नाव होतं, तारीख होती. म्हटलं, श्री कामाला लागून असावा.” ते वाकून पडद्याकडं बघायला लागले. “टिपणीच आहे ती. टिपणीनं काय होतंय?”

मी त्यांना काय होतं ते सांगितलं. अर्ध्या मिनिटात सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्यांचा चेहरा उतरला. ते खुर्चीत बसले.

“काढ मग,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “पुसू नको पण. दसऱ्याचा श्री आहे. वर हलव.”

मी कपाळाला हात लावला. पण हलवला. श्री फायलीच्या माथ्यावर नेऊन ठेवला, पान उघडून बघितलं, उघडलं. प्रोग्राम सर्व्हरवर चढवला. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी सिस्टरांना फोन लावला.

“दाबा.”

“दाबते,” सिस्टर म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “आलं बाई. तारीख मागायलंय.”

त्याक्षणी मी सुटले. आणि सुटल्याबरोबर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तेव्हाच माझं लक्ष त्या दोन स्टारांकडं गेलं. मगदूम सर आयुष्यभर टिपणी एकाच स्टारची लिहीत आले होते. त्यांची कुठलीही फाईल उघडा, एक स्टार. हा श्री त्यांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं एका स्टारनं लिहिला असता, तर यंत्रानं तो सोडून दिला असता आणि काहीही बिघडलं नसतं. बरोबर माझ्याच फायलीत, बरोबर त्याच पानावर, बरोबर त्याच जागी त्यांना दोन स्टार सुचले. आणि म्हणे टिपणीनं काय होतंय.

अडीच वाजता आरवाडे सरांचा फोन आला. मागं टाळ्या आणि गडबड ऐकू येत होती. “झालं बरं का. पहिला पेशंट नोंदवला. अध्यक्ष खूश. पण झालं काय होतं?”

मगदूम सर माझ्यापासून चार हातांवर बसले होते, मशीनवरच्या माळा सारख्या करत. मी त्यांच्याकडं बघत बोलले. हे मी विसरलेले नाही. मी त्यांच्याकडं बघत बोलले.

“मगदूम सरांनी माझ्या फायलीत दोन स्टारची टिपणी घातली होती, माझ्याच मशीनवरून. ते कधीच दोन स्टार देत नाहीत. इथं दिले. मुद्दाम केलंय, सर.”

“मुद्दाम? नक्की?”

“नक्की.”

“ठीक आहे. मी बघतो,” आरवाडे सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

मगदूम सर माळेतला एक सुटलेला झेंडू हातात घेऊन बसले होते. ते रागावतील, आवाज चढवतील, मला खोटी म्हणतील, याची मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं.

“तुझ्या सगळ्या फायलीत दोन स्टार असतात,” ते म्हणाले. “तुझ्या फायलीत तुझी पद्धत. म्हणून दिले.”

“असं का,” मी म्हणाले, पर्स उचलली आणि जिना उतरले. एका शब्दावर माझा विश्वास बसला नव्हता.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आरवाडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता.

“प्रकल्प तुझा. बोललो होतो तसं. आता तुला हाताखाली दुसरा माणूस बघून देतो.”

“दुसरा म्हणजे? पहिला कोण होता?”

“मगदूम की. त्यांनी तुला सांगितलं नव्हतं?” त्यांनी बॉक्स माझ्याकडं सरकवला. “नवमीच्या सकाळी माझ्याकडं आले होते. म्हणाले, मिरजेचं काम शुभांगीकडंच राहू दे, तिची पद्धत बरोबर आहे, मी चार महिने बघून बघून शिकलोय, तिच्या हाताखाली काम करतो. मी म्हटलं, तुमच्या निम्म्या वयाची पोरगी आहे. तर म्हणाले, पद्धतीला वय नसतंय. मी हो म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी बघ काय करून बसले. माणूस पोटात काय ठेवेल सांगता येत नाही. काल त्यांना सांगितलं, दिवाळीपासून येऊ नका. तेही ठीक आहे म्हणाले.”

माझ्या हातात पेढा होता. तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

“सर, ते मुद्दाम नव्हतं,” मी म्हणाले.

“शुभांगी, तूच म्हणालीस. नक्की म्हणालीस. मी दोनदा विचारलं.”

“मी चुकले.”

“आता त्यांच्या वयाकडं बघून तू मन मोठं करायलीस, ते मला समजतंय,” आरवाडे सर म्हणाले. “पण राहू दे. तेसुद्धा काही बोलले नाहीत. निर्दोष माणूस गप्प बसतो का?”

मी आणखी अर्धा तास सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी. मी जितकं सांगत होते तितकी त्यांच्या नजरेत मी चांगली होत चालले होते.

संध्याकाळी मी विश्रामबागेत मगदूम सरांच्या घरी गेले. ते पुढच्या खोलीत जमिनीवर बसून सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. काकूंनी मला बसायला सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी बसले नाही.

“सर, तुम्ही आरवाडे सरांना सांगितलं का नाही? मुद्दाम नव्हतं म्हणून? एवढंच तर सांगायचं होतं.”

“तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी तिथंच होतो की,” ते म्हणाले. “मी नाही म्हटलं असतं तर तू खोटी पडली असतीस. नवीन प्रमुख तू. सुरुवातीलाच खोटी पडलीस तर पुढं तुझं कोण ऐकणार?”

“पण मी खोटंच बोलले होते.”

“खोटं नव्हे. तुला तसं वाटलं.”

“अहो पण सर...” इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. हा माणूस एकदा तरी ओरडला असता, एकदा तरी म्हणाला असता की पोरी, तू माझं वाटोळं केलंस, तर मी पाय धरले असते. पण ते तर शेंगा निवडत होते.

“आणि तू मनाला लावून घेऊ नको,” ते म्हणाले. “आरवाड्यांना मला काढायचंच होतं. कधीचं ठरलेलं. दिवाळीत नाही तर गुढीपाडव्याला काढलं असतं. तुझ्या बोलण्यानं काही झालेलं नाही.”

हे खरं नव्हतं. आरवाडे सरांनी नवमीच्या सकाळी त्यांना हो म्हटलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि आता मलाही. मगदूम सर माझ्याशी बोललेलं हे एकमेव खोटं.

“सर, मला काहीतरी बोला की,” मी म्हणाले. “शिव्या द्या. काहीही बोला.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तळहात धोतराला पुसले आणि थोडा विचार केला.

“सिस्टरांची काय तक्रार नाही ना आता?” त्यांनी विचारलं. “पान उघडतंय नव्हं नीट?”

“उघडतंय,” मी म्हणाले.